चिंध्यांच्या भावातला कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा कोट आहे. सध्या माझा मुक्काम परळी तालुक्यातल्या एका शेतात, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर आहे. पेटीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मला तिच्यावर टाकून वर दगड ठेवतात. येणारेजाणारे मला पोतं समजतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. लोकरीला फारसं काही जाणवत नाही. ऊब दुसऱ्याला द्यायची असते, स्वतःला ती लागत नाही. हे मी बढाई म्हणून नाही, स्वभाव म्हणून सांगतो आहे. तेव्हा डोळे पुसायला रुमाल घेऊन बसू नका. मी आपला जसं घडलं तसं सांगत जातो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. तिथली मेंढरं आपल्याकडच्या मेंढरांपेक्षा अंगाने भरलेली, आणि बहुधा जास्त आळशी. त्यांची लोकर कातरली, धुतली, कातली, गिरणीत विणली, आणि मग एका शिंप्याने मला बेतलं. काळपट निळा रंग, गुडघ्याखाली जाईल एवढी लांबी, मोठाल्या गुंड्या, आत गुळगुळीत अस्तर. कॉलरच्या आतल्या बाजूला बोटभर पट्टी शिवली. तिच्यावर लिहिलं होतं, शुद्ध लोकर, आणि खाली त्या देशाचं नाव. पुढे मुंबईत माझ्यापेक्षा त्या पट्टीचीच जास्त चौकशी झाली.

मला एका पोस्टमनने घेतलं. तो सायकलवरून घरोघर टपाल वाटायचा. मी त्याच्या अंगावर बर्फ खाल्ला, धुकं खाल्लं, कुत्र्यांचे दातही एकदा खाल्ले. लोक त्याला म्हणायचे, कोट छान आहे. तो म्हणायचा, हो, उबदार आहे. आमच्या दोघांचं एवढंच कौतुक झालं. मग एका हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला आणि गेला. त्याच्या बायकोने मला ब्रशने झाडलं, घडी घातली आणि कपडे गोळा करणाऱ्या मंडळींच्या दारात नेऊन ठेवलं. ती रडत नव्हती. मीही नव्हतो. तिथे आणखी बरेच कोट होते आणि त्यांतले बहुतेक माझ्यासारखेच, माणूस गेल्यावर घरातून निघालेले. जिवंत माणसं आपला चांगला कोट सहसा देत नाहीत.

त्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. ती बातमी त्या देशात पोहोचली. पाऊस पडला नाही म्हणून लोकरीचे कोट पाठवायचे, हे कुणाला सुचलं मला ठाऊक नाही, पण चांगल्या मनाने सुचलं असावं. आम्हाला यंत्राखाली दाबून, पट्ट्या आवळून गासड्या बांधल्या आणि जहाजावर चढवलं. माझ्या तोंडाशी कुणाच्या तरी बाळाचा स्वेटर होता आणि पाठीशी एक जाडजूड पँट. सगळा प्रवास तसाच झाला.

मुंबईच्या बंदरात उतरलो आणि कस्टमच्या गोदामात जाऊन पडलो. आमच्या वतीने कागद घेऊन एक एजंट यायचा, घाम पुसत. समोर साहेब बसलेला असायचा.

"यात नुसतं 'कपडे' लिहिलंय," साहेब म्हणाला. "नवे की वापरलेले?"

"वापरलेले आहेत साहेब. दुष्काळासाठी मदत आहे."

"मग तसं लिहून आणा. वापरलेले असतील तर धुऊन, औषध मारून पाठवल्याचा दाखला कुठे आहे? आणि लोकर किती, सूत किती, नायलॉन किती, ते वेगवेगळं दाखवायला लागेल. कोणत्या देशात तयार झाले तेही."

"साहेब, हजार घरांतले हजार कपडे आहेत."

"म्हणून तर."

झालं. गासड्या सोडल्या, आणि एक कारकून एकेक कॉलर उलटून आतली पट्टी वाचू लागला. लोकर या ढिगात, सूत त्या ढिगात. ज्यांची पट्टी निघून गेली होती त्यांचा धागा ओढून, जाळून, वास घेऊन ठरवायचे. मला पट्टी होती म्हणून मी वाचलो. कागद परत थंड देशाला गेले, तिथून दुसरे कागद आले, त्यांवर एक सही कमी निघाली, ते पुन्हा गेले. पावसाळ्याच्या तोंडाला आलेले आम्ही दिवाळी झाली तरी तिथेच होतो.

साहेब वाईट माणूस नव्हता. मदतीच्या नावाने जुने कपडे आणायचे आणि बाजारात नव्यासारखे विकायचे, असा धंदा काही व्यापारी करत असत. त्यांना अडवायला नियम झाले होते आणि आता ते आमच्याही गळ्यात आले होते. शेजारच्या ढिगात तर मी वेगळंच पाहिलं. त्या गासड्या चिंध्या म्हणून आल्या होत्या. चिंधी म्हणजे अंगात घालता न येणारं कापड, वाकळी-गोधड्यांत भरायचं नाहीतर यंत्रं पुसायचं. त्यांतून धडधाकट कपडे निघाले की गोदामातला माणूस मोठी कात्री घेऊन प्रत्येकाला तीन ठिकाणी फाडायचा. तसं कापल्यावर मग त्यांना चिंधी म्हणून सोडायचे. तीन कापांनंतर कोट कोट राहत नाही. मग तो कुणीही कुणालाही विकू शकतो. मी ते पाहिलं आणि मला काही वाटलं नाही. तेव्हा तो माझा विषय नव्हता.

शेवटी आम्ही सुटलो, पण अटी घेऊन. गावच्या सहकारी सोसायटीने हे कपडे दुष्काळग्रस्तांना फुकट वाटायचे. विकायचे नाहीत. बदल्यात धान्य, काम, काहीही घ्यायचं नाही. घेणाऱ्याचा अंगठा घेऊन दाखला मुंबईला पाठवायचा. वापरण्याजोगा नसेल तो कपडा तीन ठिकाणी कापून चिंध्यांत घालायचा, आणि चिंध्या मात्र विकल्या तरी चालतील. यात कुठे चूक झाली तर सगळ्या मालावरचा कर सोसायटीने भरायचा.

परळीपर्यंत आम्ही रेल्वेने आलो आणि पुढे ट्रकने, धर्मापुरीच्या अलीकडच्या एका गावात. सोसायटीच्या गोदामात एरवी खताची पोती असायची. त्या साली पेरायलाच काही नव्हतं, म्हणून आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. गावातली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होती आणि संध्याकाळी कामावर मिळणारी गोड पिठाची सुकडी फडक्यात बांधून आणत होती. दिवसा ऊन असायचं, पण ते सरलं की बालाघाटच्या डोंगरावरून गार वारा उतरायचा आणि उघड्या माळावर माणसं गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. तेव्हा मला वाटलं, आपल्याला पाठवणारे अगदीच खुळे नव्हते.

सोसायटीचा सेक्रेटरी धर्मराज नावाचा सडपातळ माणूस होता. अटींचा कागद त्याने इतक्यांदा वाचला होता की घडीवर तो फाटायला आला होता. वाटपाच्या दिवशी त्याने तो ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला. नंतर गर्दी आमच्यावर पडली. एका म्हाताऱ्याने धोतरावर बायकांचा झगा चढवला आणि सगळा गाव हसला. तोही हसला आणि झगा घालूनच घरी गेला.

गर्दी ओसरल्यावर बौद्धवाड्यातली सिंधुबाई आली. ती तलावावर माती वाहायची, आणि केसांत अजून माती होती. तिने मला उचललं, कापड चिमटीत धरून पाहिलं, अस्तराच्या आत हात घालून तो थोडा वेळ तसाच ठेवला.

"ह्याचं काय पडंल?" तिने विचारलं.

"काय न्हाई पडत," धर्मराज म्हणाला. "फुकट हाय. अंगठा लाव अन् ने."

"फुकट नको. इकत द्या."

"इकता येत न्हाई, सिंधुबाई. आत्ता वाचून दाखीवलं की. इकला अन् वर कळलं तर अख्ख्या मालाचा कर सोसायटीच्या बोडख्यावर बसंल."

"मंग बदल्यात गोदाम सारवून देते."

"बदल्यात काम बी घ्यायचं न्हाई. तसंच लिव्हलंय."

तिने मला टेबलावर ठेवलं. बाही दुमडली गेली होती ती सरळ केली आणि निघून गेली. मागून एकाने माझ्याकडे हात नेला, तेव्हा धर्मराजने मला पायाने टेबलाखाली सरकवलं आणि त्याला दुसरा कोट काढून दिला. असं का केलं ते तो कुणाला बोलला नाही.

मित्रांनो, फुकट मिळणारा कोट सोडून बाई रिकाम्या हाताने कशी गेली, याचं मला नवल वाटलं होतं. कारण मला नंतर कळलं, तिच्या बापाच्या अंगावर राहून. कोट छातीला लागून असतो, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येतं.

तिचा बाप आश्रुबा. त्या गावात पूर्वी कुणी मेलं की तिरडीवरचं कापड आश्रुबाच्या लोकांना मिळायचं. गाव त्याला त्यांचा हक्क म्हणायचं. तरुणपणी आश्रुबाने स्मशानातून असं कापड कितीदा काखेत मारून आणलं होतं. त्याची आई ते धुऊन त्याचीच बंडी शिवायची. ती बंडी घालून गावात फिरताना त्याला वाटायचं, बघणाऱ्या प्रत्येकाला ते कापड कुणाचं आहे हे माहीत आहे. आणि ते खरंच माहीत असायचं. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला. दीक्षेहून परत आल्यावर आश्रुबाने चावडीसमोर उभं राहून सांगितलं, आजपासून आमच्या घरात मढ्यावरचं कापड येणार नाही, आणि कुणाचं उतरलेलंही येणार नाही. लागेल ते आम्ही विकत घेऊ, नसेल तेव्हा उघडे राहू. बोलल्यासारखा तो राहिला. सुकडी तो खायचा, कारण ती कामाच्या मोबदल्यात मिळायची.

आता त्याला दमा होता. तलावाच्या कामावर फावडी-घमेल्यांची राखण करायचं काम त्याला मिळालं होतं आणि ते दिवसरात्र उघड्यावरचं होतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात सिंधुबाईला सांगितलं होतं की म्हाताऱ्याची छाती गरम ठेवा, नाहीतर हा हिवाळा निघणार नाही. घरात होती ती एकच वाकळ, आणि तिच्यात आता सुतापेक्षा भोकं जास्त होती. काम सोड म्हटलं तर तो सोडत नव्हता, आणि फुकटचा कोट आणला तर अंगाला लावणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई पुन्हा आली. धर्मराज एकटाच बसला होता.

"सेक्रेटरीसाहेब, त्या कागदात चिंध्यांचं काय लिव्हलंय ते आणीक एकडाव वाचा."

त्याने वाचलं.

"म्हंजी चिंध्या इकता येत्यात."

"येत्यात."

"मंग तो कोट काढा अन् कापा."

धर्मराजने चष्मा काढला. "कावून? धडधाकट कोट हाय. सगळ्या मालात असा दुसरा न्हाई. वापरण्याजोगा नसला तरच कापायचा, असं लिव्हलंय."

"माझ्या बाला न्हाईच तो वापरण्याजोगा," सिंधुबाई म्हणाली. "फुकटचं त्यो अंगाला लावीत न्हाई. तुमाला म्हाईत हाय कावून ते. अन् त्याची छाती भात्यावानी वाजती. तुमी कापा, मी शिवते. चिंध्यांचा जो भाव असंल त्यो घ्या अन् मला पावती द्या."

 धर्मराजने कागद पुन्हा पाहिला, जणू तिथे कालपासून काही नवीन उमटलं असेल. मग त्याने मला टेबलाखालून काढलं आणि पोती कापायची कात्री घेतली. सिंधुबाईने मला दोन्ही हातांनी ताणून धरलं. माझी लोकर दाट होती, कात्री अडखळत होती, आणि त्याचा हातही फार धीट नव्हता. पहिला काप पाठीवर गेला, कॉलरपासून खालपर्यंत. दुसरा आणि तिसरा छातीवर, दोन बाजूंना. मला दुखलं नाही. पण सिंधुबाईने डोळे मिटून घेतले होते आणि माझी बाही इतकी घट्ट धरली होती की तिची नखं पांढरी झाली होती. ते पाहून मला वाईट वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं. मुंबईत पाहिलेले ते कोटही मला तेव्हा आठवले.

धर्मराजने मला काट्यावर तोललं, चिंध्यांच्या रकान्यात लिहिलं, पैसे घेतले, पावती फाडली आणि शिक्का मारला. तिने पावती कमरेला खोचली आणि मला काखेत मारून नेलं.

घरी तिने दाभण आणि वाकळीचा जाड दोरा घेतला. वाकळीला घालतात तसे लांब-लांब टाके घालत तिने मला जोडलं. शिंप्याने पाहिलं असतं तर हसला असता. पण ते टाके आजपर्यंत सुटले नाहीत, आणि शिंप्याच्या शिवणी कधीच गेल्या.

आश्रुबा कामावर निघताना तिने मला पुढे केलं. तो मागे सरकला.

"कुनाचा हाय?"

"माझा हाय. सोसायटीतून चिंध्यांत घेतला, घरी शिवला. ही बग पावती."

त्याला वाचता येत नव्हतं. त्याने पावती उजेडाकडे धरून शिक्का पाहिला. मग माझ्या पाठीवरून बोट फिरवत तो टाक्याटाक्याने खाली गेला.

"मेलेल्या मानसाचा असंल तर?"

"बा, दुकानातून धोतर आणतूस, तवा सूत कुनी कातलं ते इचारतूस का? पैसं टाकल्यावर त्ये आपलं."

 आश्रुबाने एक हात घातला, मग दुसरा. गुंड्या त्याला लावता येईनात, त्या तिने लावल्या. मित्रांनो, मी खरोखरच मेलेल्या माणसाचा होतो. ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं आणि कोटाला बोलता येत नाही. बोलता आलं असतं तर सांगितलं असतं का, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

त्या हिवाळ्यात मी माझं काम केलं. म्हाताऱ्याची छाती आतून घुरघुरायची आणि मी बाहेरून तिला धरून असायचो. कामावरचे लोक त्याला कलेक्टर म्हणू लागले. "कलेक्टरसाहेब आले, उभे ऱ्हावा," असं म्हणायचे, आणि तो बाह्या झटकून म्हणायचा, "इकत घेतलाय, बे. पावती हाय घरी." कुणी विचारो न विचारो, पावतीचं तो सांगायचाच. पोस्टमननेही माझी इतकी वाहवा केली नव्हती. सिंधुबाई दुरून बघायची आणि घमेलं उचलून पुढे जायची. हिवाळा निघाला आणि आश्रुबाही त्यातून निघाला.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. तलाव थोडा भरला. मी उन्हाळाभर खुंटीवर टांगलेला होतो, झुरळांनी अस्तराचा एक कोपरा खाल्ला. आश्रुबा मात्र आतून उतरत चालला होता. आता तो दारातच बसून असायचा. थंडी सुरू होण्याआधीच त्याने मला खुंटीवरून काढायला लावलं. पाठ आणि छाती आता मला पूर्वीसारखी भरून येत नव्हती, मी त्याच्या अंगावर लोंबायचो.

दिवाळीनंतर गावातल्या टोळ्या ऊस तोडायला निघतात. सहकारी साखर कारखान्यांच्या फडांवर चार-सहा महिने पालं ठोकून राहायचं, पहाटेच्या गारठ्यात कोयता चालवायचा. दुष्काळाच्या साली ज्यांची जनावरं विकली गेली होती, त्यांतली काही शेतकऱ्यांची घरं त्या वर्षी पहिल्यांदाच निघाली होती. त्यांत गावातली सरस्वतीबाई होती. पदराखाली तिची तान्ही मुलगी होती. टोळीची ट्रक चावडीजवळ उभी राहिली तेव्हा ती बौद्धवाड्यात आली. तिची सासू रुक्मिणीबाई मागे रस्त्यावरच थांबली.

सरस्वतीबाई आश्रुबाच्या दारासमोर उभी राहिली आणि बरंच अडखळून बोलली. "नाना, एक इचारायचं हुतं. राग मानू नका. तुमच्या माघारी ह्यो कोट कुनाला द्यायचा झाला, तर मला द्याल का? लेकरासाठी म्हणते."

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर भांडण झालं असतं. आश्रुबाने बाळाकडे पाहिलं. बाळाचं नाक वाहत होतं आणि त्याला गुंडाळायला तिच्याजवळ अर्धं लुगडं होतं.

"माघारी न्हाई," तो म्हणाला. "माघारी नेशील तर त्ये मढ्यावरचं हुईल. तसलं मी कुनाकडून घेत न्हाई अन् कुनाला देत न्हाई. न्यायचा तर आत्ता ने. अन् इकत ने."

"माझ्याकडं लई न्हाई."

"चिंध्यांच्या भावात घेतला हुता. त्याच भावात देतो."

तिने कनवटीची गाठ सोडली. आश्रुबाने एकेक गुंडी काढली, आता त्या त्याला काढता येत होत्या. अंगातून मला उतरवलं, घडी घातली, आणि त्याच्या हाताने एक जुनी गोष्ट केली. मला तिच्या हातात न देता त्याने मला उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ठेवलं आणि स्वतः मागे सरला. त्याच्या आयुष्यात गावातल्या माणसाला काही द्यायचं तर ते असंच खाली ठेवायचं, आणि घेणाऱ्याने नंतर उचलायचं. हात हाताला लागायचा नाही. त्याने ते मनात आणून केलं नाही. हाताला सवय होती.

सरस्वतीबाई मला उचलायला वाकली नाही.

"खाली कावून ठिवता, नाना?" ती म्हणाली. "हातात द्या."

रस्त्यावरून रुक्मिणीबाई ओरडली, "अगं, निघती का न्हाई? ट्रक चालली." सरस्वतीबाईने मान वळवली नाही. ती हात पुढे करून उभी राहिली. आश्रुबाने मला पुन्हा उचललं आणि तिच्या हातात दिलं. पैसे तिने त्याच्या तळहातावर ठेवले.  म्हाताऱ्याच्या अंगात आता नुसती बंडी होती.

ट्रक बौद्धवाड्यासमोरून निघता निघता सिंधुबाई कामावरून आली. बाप नुसत्या बंडीवर दारात बसलेला तिने पाहिला आणि मी ट्रकमध्ये बाळाभोवती गुंडाळलेला पाहिला. ती ट्रकमागे धावली नाही. तिथेच उभी राहून बापाला म्हणाली, "माझ्या हातानं धरून कापून घेतला हुता मी त्यो. तुज्यासाठी." तिचा आवाज चढला नव्हता, पण मला तो शेवटपर्यंत ऐकू आला. आश्रुबा काय बोलला ते ट्रकच्या आवाजात कळलं नाही.

फडावर मी बाळाची वाकळही होतो, पाळणाही होतो आणि पहाटे सरस्वतीबाईच्या पाठीवर कोटही होतो. उसाच्या पाचटाने माझी लोकर भरून जायची. महिना गेला असेल नसेल, टोळीचा मुकादम गावाकडे जाऊन आला आणि चुलीजवळ बसून गावची खबर सांगू लागला. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली, आणि बौद्धवाड्यातला आश्रुबा गेला.

मित्रांनो, मी लोकरीचा आहे, तेव्हा मला काय झालं ते मी नीट सांगू शकणार नाही. पोस्टमन गेला तेव्हा मी कपाटात होतो. आश्रुबा गेला तेव्हा मी उसाच्या फडात होतो. दोन्ही वेळा थंडी होती आणि मी दोघांच्याही अंगावर नव्हतो. एवढंच मला कळलं.

रुक्मिणीबाई लगेच म्हणाली, "सरस्वते, काढ त्ये लेकराच्या अंगावरनं. मेलेल्याचं हाय."

सरस्वतीबाई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"मेलेल्याचं न्हाई, आत्या," ती म्हणाली. "जित्या मानसाच्या हातातनं इकत घेतलंय."

 मी बाळाच्या अंगावरच राहिलो.

ती तान्ही मुलगी म्हणजे आताची जाईबाई. या विहिरीची, या मोटारीची मालकीण. स्टार्टरवर मला तीच टाकते. मी कुणाचा, कुठला, हे तिला आईने कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. थोडं सांगितलं असावं. कारण शेतावरच्या गड्याने एकदा मला पोतं म्हणून फाडायला घेतलं, तेव्हा ती त्याच्यावर खेकसली आणि त्याला खरंच एक पोतं आणून दिलं. पण पुढच्या पावसात मी पुन्हा बाहेरच. ऊनपाऊस खाऊन माझी लोकर आता विरळ झाली आहे. आणखी फार पावसाळे मी काढीन असं नाही, आणि त्याचं मला विशेष काही वाटत नाही.

जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरी कपाटात एखादा कोट असेल, शाल असेल, स्वेटर असेल. तो कुणाला द्यायचा असेल तर घरातलं माणूस जाण्याची वाट पाहू नका. धुवा, तुटलेली गुंडी लावा, आणि देताना दारात ठेवून मागे सरू नका, हातात द्या. आणि घेणाऱ्याने विचारलंच, याचं काय पडेल, तर "छे, छे, फुकट आहे" असं म्हणून त्याला गप्प करू नका. जमेल ती किंमत सांगा आणि ती घ्या.